लोखंड गार होईपर्यंत

४ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे मी एकटीच आहे आणि मी ठीक आहे. आजारी पडलंय ते तुमच्या दादांचं इंजिन. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही आणि त्या बारक्या पडद्यावर तुम्ही बघायला तयार नाही, तेव्हा पोस्टमनला दमवल्याशिवाय इलाज नाही.

महिना झाला, बोट खांबापाशी बंद पडते. आपल्या धक्क्यापासून पंधरा मिनिटांवर बोट वळण घेते आणि पलीकडचा काठ जवळ येतो, तिथला तो लाल खांब. बरोबर तिथंच. तापमानाचा काटा शेवटच्या आकड्याला टेकतो, मागून पांढरा धूर येतो, इंजिन दोन उचक्या देतं आणि गप्प. मग कितीही डोकं आपटा, सुरू होत नाही. दोन तासांनी मात्र एका झटक्यात सुरू होतं, जसं काही झालंच नव्हतं. सात वेळा झालं. प्रवाशांना होडीवाले येऊन नेतात. मास्तरीणबाई तर आता चढतानाच विचारतात, "आज खांबापर्यंत की पलीकडेपर्यंत?"

धक्क्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं, म्हणाला, "इंजिन भंगारात घाला." मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, जागाच बरी नाही ती." मी म्हटलं, जागा मला ठाऊक आहे, तू इंजिनाचं बोल. तर हात पुसत निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी यांची रिकामी बोट त्याच खांबापाशी सापडली होती. तेव्हाही इंजिन एका झटक्यात सुरू झालं होतं. मी काही बोलत नाही, पण भावोजी, माझ्या जिवाला घोर लागलाय. काय करू ते कळवा.

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. मिस्त्रीला परत बोलावू नका.

इंजिनाला खांब कळत नाही, मिनिटं कळतात. पंधरा मिनिटांत ते तापतं आणि थांबतं. दोन तासांत गार होतं आणि चालू होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता मी सांगतो ते करा. माझे कान गेले, तेव्हा तुम्हीच माझे कान आणि डोळे.

एक. इंजिन पूर्ण गार असताना पाण्याच्या टाकीचं झाकण काढा. तापलेलं असताना चुकूनही नाही, तोंड भाजेल. मग इंजिन सुरू करून टाकीत बघा. बुडबुडे येतात का?

दोन. तेल बघायची पट्टी ओढा. तेल काळं आहे की दूध घातल्यासारखं?

तीन. टाकीतलं पाणी रोज किती कमी होतं? बाहेर कुठं गळत नसेल तर ते आत जातंय.

चार. पलीकडच्या काठावरून येताना काय होतं ते बघा. तिकडून खांब दहाच मिनिटांवर आहे. तेव्हा खांब ओलांडून पुढं येऊन बंद पडली पाहिजे.

तुमचा धाकटा


१६ फेब्रुवारी

भावोजी,

तुमची परीक्षा दिली. निकाल असा.

बुडबुडे: येतात. उकळत्या पातेल्यासारखे, आणि पाणी गार असतानाच. तेल: दुधाळ, चहाच्या रंगाचं. पाणी: रोज तांब्याभर गायब, बाहेर थेंब नाही. इथवर मी पास.

चौथ्या प्रश्नाला मात्र तुम्ही नापास. पलीकडून दहा मिनिटांत, खांबापाशीच बंद पडली. म्हटलं, जाताना तापलेलं असेल. म्हणून बोट रात्रभर पलीकडच्या धक्क्याला बांधली, मास्तरीणबाईंकडे झोपले, आणि सकाळी थंडगार इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं. खांब. दोन उचक्या. गप्प. तुमच्या इंजिनाला मिनिटं कळत असतील, याला खांबच कळतो.

आणखी एक गोष्ट आहे. लिहू की नको करत होते. बंद पडल्यावर पाणी अगदी सपाट असतं, प्रवासी होडीतून गेलेले असतात आणि मी एकटी बसलेली असते. तेव्हा खालून आवाज येतो. टक्क. थोडं थांबून परत टक्क. कुणी घाईत नसलेला माणूस काम करत असावा तसा. मी मोजले. नऊ होतात. दर वेळी नऊच. मी दहाव्याची वाट बघत बसते, तो येत नाही. अंगावर काटा येतो हो. मी काही भित्री बाई नाही, तुम्हाला माहीत आहे.

ता. क. तो तुमचा लांब दांड्याचा पाना, हेडचे बोल्ट पिळायचा, तो इथल्या हत्यारांच्या पेटीत नाही. दोन वर्षांपूर्वी हे इंजिन दुरुस्त केलंत, त्या वेळी तुम्ही परत नेला होतात ना?

वहिनी


२१ फेब्रुवारी

ती. वहिनी,

निदान झालं. हेड गॅस्केट फुटली आहे. इंजिनाच्या खालच्या धडात आग जळते आणि वरचं डोकं म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये पातळ पत्रा असतो. आग, पाणी आणि तेल यांच्या वाटा तो वेगळ्या ठेवतो. तो जळाला की आग पाण्यात शिरते आणि पाणी तेलात. इंजिन भंगारात घालायची गरज नाही.

पार्सलनं गॅस्केट पाठवतो. पाना माझ्याकडेच होता, तोही पाठवतो. तो ठरलेल्या जोराला आला की टक्क करतो, मग हात थांबवायचा.

पाणी आणि तेल काढून टाका. हेडला दहा बोल्ट आहेत, सगळे बाहेरूनच दिसतात. सोडवताना कोपऱ्यापासून आत, बसवताना मधून बाहेर. हेड जड आहे, दोन माणसं घ्या. आतले दांडे काढाल ते पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याचे त्याच जागी खोचून ठेवा, अदलाबदल नको. जुनी गॅस्केट कुठं जळली आहे ते नीट बघून कळवा. लोखंडी पट्टी आडवी ठेवून हेड वाकलेलं नाही ना तेही बघा. मी कळवेपर्यंत नवी बसवू नका.

आवाजाचं म्हणाल तर तापलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि वाजतं. मोजत बसू नका.

धाकटा


५ मार्च

भावोजी,

पार्सल मिळालं. पाना तुमचाच म्हणता, पण दुकानाचा कागद अजून चिकटलाय त्याला. वहिनीला नवा पाना घेऊन दिला हे सांगायला इतकं लाजायचं कशाला? जन्मभर असेच तुम्ही, चांगलं काही केलं की पळून जायचं.

हेड उतरवलं. मास्तरीणबाई आणि त्यांचा शिपाई मदतीला होते. बाईंनी दांडे खोचलेल्या पुठ्ठ्यावर आकडे घातले आणि शिपायानं एकदाच "अगं आई गं" म्हटलं, तेवढ्यात काम झालं. हेड वाकलेलं नाही, पट्टीखालून कागदही जात नाही. गॅस्केट जळलीय ती पाण्याच्या कडेच्या कोपऱ्यात, शेवटच्या बोल्टापाशी. काळा ओघळ आहे, बोटभर.

आणि साहेब, आता तुमची चोरी पकडली! तुम्ही प्रत्येक बोल्ट पिळला की त्यावर पिवळा ठिपका देता ना, ते सगळे ठिपके आहेत. शेजारी लाल ठिपकेही आहेत, दुसऱ्या फेरीचे असणार. पण लाल ठिपके नऊच आहेत. कोपऱ्यातल्या दहाव्यावर पिवळा आहे, लाल नाही. तोच बोल्ट हातानं सुटला. एवढे मोठे फिटर आणि एक बोल्ट विसरलात? चालायचंच. माणूस आहात.

नवा पाना मी एका जुन्या बोल्टावर लावून बघितला. टक्क झालं आणि माझ्या हातातून तो खाली पडला. तोच आवाज आहे भावोजी. खांबापाशी खालून येतो तो. लोखंड आकसल्याचा नाही. लोखंड आकसल्याचा आवाज मला माहीत आहे, पंधरा वर्षं त्या इंजिनाशेजारी बसलेय मी.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

मी लाल रंग कधी वापरलेला नाही. आयुष्यात नाही. माझ्याकडे पिवळी डबी एकच असते आणि ती मी बरोबर आणतो, बरोबर नेतो.

बोल्ट पुसू नका. लाल ठिपका कसला आहे ते बघा. आणि त्या सकाळी दादा बोट घेऊन निघाला तेव्हा बरोबर काय काय नेलं, काय बोलला, आठवेल ते सगळं लिहा.


१४ मार्च

भावोजी,

कसला आहे ते कळलं. इंजिनाखालचा तळ साफ करताना चिखलातून एक बाटली निघाली. माझं नेलपॉलिश. त्या वर्षी मी घरभर शोधलं होतं ते. झाकण नव्हतं, आतला रंग दगड झालाय. बोल्टावरचा लाल तोच आहे, नखाला लावलेला रंग मी ओळखणार नाही?

म्हणजे दुसरी फेरी यांनी केली. पण कधी? आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्हीच काम करत होतात. तुम्ही शेवटच्या बसनं गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे निघाले आणि मग परत आलेच नाहीत.

त्या सकाळचं विचारता. कधी कुणाला सांगितलं नाही ते आज तुम्हाला सांगते. आमचं भांडण झालं होतं. कशावरून, तर छपराच्या गळक्या पत्र्यावरून. दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त होतात, आपलं घर होत नाही, असं मी म्हटलं. ते हसले. त्याचा मला जास्त राग आला आणि मी म्हटलं, "जा, आणि आज तोंड दाखवू नका मला." हे माझे शेवटचे शब्द. गेले ते एकटेच, रिकामी बोट घेऊन.

पलीकडच्या काठावरची शिवणवाली खिडकीतून बघत होती. तिनं पोलिसांना सांगितलं ते सगळ्या गावानं ऐकलं. बोट खांबापाशी थांबवली, नांगर टाकला, आणि मान खाली घालून दोन तास नुसते बसले होते. दोन तास! ती दाराशी कोण आलंय बघायला गेली आणि परत येऊन बघते तो बोटीत कुणी नव्हतं. पट्टीचा पोहणारा माणूस, सपाट पाणी, नुकतंच दुरुस्त केलेलं इंजिन. लोकांनी काय अर्थ काढायचा तो काढला. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण मी पाणवठ्यावर गेले की बायका गप्प होतात.

भावोजी, दोन वर्षं मी रोज त्या दोन तासांत बसते. काय विचार करत असतील? माझंच वाक्य घोळवत असतील? एकदा मान वर करून घराकडे बघितलं असेल का? खाल्लेलं अंगाला लागत नाही माझ्या.

तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.

वहिनी


२८ मार्च

भावोजी,

दोन आठवडे झाले. इंजिनाचं डोकं ओट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलंय, स्वयंपाक करताना ते माझ्याकडे बघतं. तुमचं उत्तर नाही. कान गेलेत तुमचे, हात तर गेले नाहीत ना?

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडायच्या आत टाकून येणार आहे.

हेडचे बोल्ट दोनदा पिळायचे असतात. पहिल्यांदा गार इंजिनावर. मग ते जोर लावून चालवायचं, चांगलं तापू द्यायचं, बंद करायचं आणि पूर्ण गार झालं की दुसऱ्यांदा पिळायचं. नवी गॅस्केट तापली की दबते आणि बोल्ट सैल पडतात. दुसरा पीळ दिला नाही तर काम अर्धंच.

लोखंड गार व्हायला दोन तास लागतात, वहिनी.

दादा विचार करत बसला नव्हता. इंजिन गार व्हायची वाट बघत होता.

दुसरा पीळ माझं काम होतं. मी तेव्हाच बहिरा झालो होतो आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बहिऱ्या फिटरला काम कोण देणार? त्या संध्याकाळी पाना टक्क करत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. टक्क झाल्यावरही मी ओढतच होतो. दादानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याला समजलं होतं. पण बोलला काय, तर "बस चुकेल तुझी. दुसऱ्या पिळाचं मी बघतो, पाना ठेवून जा." आणि मी गेलो. सुटलो असं वाटून गेलो.

खांबापाशी का, तेही मला माहीत आहे. धक्क्यावर केलं असतं तर मिस्त्रीनं बघितलं असतं की धाकट्याचं काम मोठा पुरं करतोय. माझी अब्रू झाकायला तो पाण्यात जाऊन बसला.

बोल्ट मधून बाहेर पिळत जातात. दहावा शेवटचा, पाण्याच्या कडेच्या कोपऱ्यात. तो पिळायला पाठ पाण्याकडे करून पाना अंगाकडे ओढावा लागतो. पाना निसटला तर माणूस उलटा जातो. मी स्वतः एकदा जाता जाता वाचलोय, तेव्हा दादानंच शर्ट धरला होता. त्याच्या डोक्यामागं जखम होती, ती मी त्याला पाण्यातून काढल्यावर शेवटची आंघोळ घालताना बघितली. बघूनही गप्प बसलो. लोक जे बोलत होते ते मी बोलू दिलं, कारण खरं बोललो असतो तर नाव माझं आलं असतं. पाना माझ्याकडे नव्हता. तो दादाबरोबर गेला. मी तुम्हाला खोटं लिहिलं.

तुमचं त्या सकाळचं वाक्य मला माहीत नव्हतं. तुम्ही ते जवळ घेऊन बसला आहात हे माहीत असतं तर. नाही, खोटं कशाला लिहू? तरीही गप्पच बसलो असतो. तसलाच माणूस आहे मी.

खाली पिळाचा क्रम आणि जोर लिहिला आहे. पान्यावरचे आकडे असे लावा: आधी तीस, मग पन्नास, मग सत्तर. दहाव्याला पाठ पाण्याकडे करू नका. आतल्या बाजूनं उभ्या राहून पाना ढकला, आणि कमरेला दोरी बांधा.

पलीकडून येतानाही बोट खांबापाशीच का थांबते, याला माझ्याकडे उत्तर नाही. आवाजालाही नाही. मी लोखंडाचं सांगितलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून.

धाकटा


६ मे

भावोजी,

तुमचं पत्र मी पहिल्यांदा शेगडीत घालायला निघाले होते. महिनाभर उत्तर दिलं नाही ते मुद्दाम. तुम्हीही थोडं बसा म्हटलं वाट बघत. दोन वर्षं जाळलंत तुम्ही मला. एका ओळीनं सुटले असते मी, आणि ती ओळ तुमच्या खिशात होती. हे मी विसरणार नाही आणि विसरले असं म्हणणारही नाही.

पण चार दिवसांनी रात्री झोप लागली. सलग, सकाळपर्यंत. उठले तेव्हा वाटलं आपण आजारी आहोत की काय.

मग गॅस्केट बसवली. तुमच्या कागदाप्रमाणे तीस, पन्नास, सत्तर. प्रत्येक टक्क ऐकला. पिवळा रंग नव्हता, म्हणून नवीन नेलपॉलिश आणलं. लालच.

काल सकाळी दुसऱ्या पिळासाठी निघाले. एकटीच. काटा मधोमध, धूर नाही, आणि खांब आला तरी इंजिन चालूच. मला वाटलं तसंच पुढं जावं. पण मीच बंद केलं, नांगर टाकला, इंजिनाच्या पेटीचं झाकण काढलं आणि बसले.

भावोजी, त्या दोन तासांत माणूस काय करतो सांगू? काहीच नाही. लोखंडाला हात लावून बघतो. अजून गरम. मान खाली घालून बसतो, कारण वर ऊन असतं. परत हात लावतो. मध्येच भूक लागते. मला तर डुलकीसुद्धा आली. हे असेच बसले असतील. माझं वाक्य फार तर पहिली दहा मिनिटं आठवलं असेल, मग परत हसले असतील.

पाणी सपाट होतं. आवाज सुरू झाला. टक्क. टक्क. मी मोजले नाहीत, तरी ते नऊच झाले हे मला कळलं. मग एकदम सगळं गप्प, काठावरची पाखरंसुद्धा. कुणीतरी श्वास रोखून माझ्या हातांकडे बघतंय असं वाटत होतं. भीती वाटली का? वाटली.

इतक्यात शिवणवालीची खिडकी उघडली. अर्ध्या अंगानं बाहेर वाकून ओरडली, "अगं बाई, बरी आहेस ना? दोन तास झाले, नुसती बसलीयेस!"

मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "इंजिन गार होतंय!"

तिनं हात कानामागं धरला. मी परत ओरडले, "गार झाल्याशिवाय बोल्ट पिळता येत नाही! दोन तास लागतात!" मग तिनं तोंडावर हात ठेवला. तिला कळलं. आज सकाळी घरी येऊन गेली, खूप रडली. एव्हाना सगळ्या गावाला कळलं असेल, तिचं तोंड तुम्हाला माहीत नाही.

तर मी कमरेला दोरी बांधली आणि पिळायला घेतले. नऊ बोल्ट थोडे थोडे फिरले, टक्क झाले, नऊ लाल ठिपके दिले. दहाव्याला आतून उभी राहिले, तुम्ही सांगितलं तशी. पाना लावला. बोल्ट केसभरही फिरला नाही आणि टक्क झालं. बाकीचे नऊ सैल पडले होते, हा पडलाच नव्हता. का, ते तुम्ही फिटर आहात, तुम्हीच शोधा. मी ठिपका दिला. आणि मग बोटीच्या तळाखालून, एकदाच, टक्क.

त्यानंतर काही नाही. आज चार फेऱ्या झाल्या. इंजिन आता खांबापाशी थांबत नाही.

पन्नास तासांनी तेल बदला, असं कागदाच्या शेवटी लिहिलंयत. ते मला येतं, तुमच्यावाचून अडणार नाही. तरी या. शेवटची बस पकडायची घाई न करता या.

तुमची वहिनी